तुर्भ्याच्या गोदामातली फियाट

पत्र : माझ्या वडिलांकडे पूर्वी फियाट होती. त्यांच्या पंचाहत्तरीला तशीच एखादी जुनी गाडी घ्यावी, असे मनात आहे. एका ऑनलाइन लिलावात ‘१९६७ प्रीमियर पद्मिनी, एकच मालक, पहिल्यापासून ठाण्यात, मूळ रंग’ अशी जाहिरात पाहून मी १,३५,००० रुपयांपर्यंत बोली लावली. परंतु गाडी दुसऱ्याला १,४२,००० रुपयांना गेली. दोन दिवसांनी विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर कळवले, की त्या माणसाने माघार घेतली असून माझ्या बोलीला गाडी मला मिळेल. विक्रेता सैन्यात आहे, त्याची बदली जम्मूला झाली आहे आणि गाडी तुर्भे एमआयडीसीतील एका वाहतूकदाराच्या गोदामात आहे. तेथे बाहेरच्यांना प्रवेश नाही. निम्मी रक्कम एका ‘सुरक्षित ठेव’ कंपनीकडे भरली की गाडी घरपोच येईल आणि पाच दिवसांत नापसंत ठरल्यास पैसे परत मिळतील, असे तो म्हणतो. मी २,५०० रुपये नोंदणी शुल्क भरले आहे आणि आधार व पॅनच्या प्रती पाठवल्या आहेत. त्यानेही आधार कार्ड, सैनिकांना मिळणारे कॅन्टीन कार्ड आणि आरसीचा (नोंदणी प्रमाणपत्राचा) फोटो पाठवला आहे. पत्नी म्हणते ही फसवणूक आहे, धाकटा भाऊ म्हणतो संधी घालवू नकोस. अशी जाहिरात खरी की खोटी, हे ओळखायचे कसे?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे. निम्म्या रकमेचे ६७,५०० रुपये भरू नयेत, आणि यापुढे कोणत्याही कारणासाठी त्या माणसाला एक रुपयाही पाठवू नये. पत्रासोबतचे जाहिरातीचे आणि संदेशांचे स्क्रीनशॉट मी बारकाईने पाहिले. त्यांत संशयाच्या जागा अनेक आहेत, पण त्या सगळ्यांच्या आधी एक साधी गोष्ट विचारात घ्यावी. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने तुर्भे अर्ध्या तासाच्या आत येते. जी गाडी आपल्या घरापासून इतक्या जवळ उभी असल्याचे सांगितले जाते आणि तरीही जी आपल्याला पाहू दिली जात नाही, ती त्या माणसाकडे नाहीच, असे धरून चालावे. जुन्या गाड्यांच्या खोट्या जाहिरातींत फोटो बदलतात, गाडीचे नाव बदलते, विक्रेत्याची कहाणी बदलते. खरेदीदाराची आणि गाडीची गाठ पडू न देण्याची तजवीज मात्र प्रत्येक जाहिरातीत केलेली असते. त्यामुळे गाडीचे वर्णन कितीही मोहात पाडणारे असले, तरी आधी ही तजवीज कुठे आहे ते शोधावे.

खुणांकडे वळण्यापूर्वी, जे घडून गेले आहे त्याचे पाहू, कारण त्यात वेळ महत्त्वाचा आहे. २,५०० रुपयांसाठी कुठे पोलिसांत जायचे, असे म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात आणि फसवणाऱ्यांचा सगळा हिशेब त्यावरच चालतो. आपण १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर आजच फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही लेखी कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते रोखले जाण्याची शक्यता असते. जितका उशीर, तितकी ती कमी. तक्रारीत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), पैसे ज्या खात्यावर किंवा यूपीआय पत्त्यावर गेले तो तपशील, विक्रेत्याचा मोबाइल क्रमांक आणि जाहिरातीचा पूर्ण पत्ता द्यावा. क्रमांक ब्लॉक करण्याआधी सगळे संभाषण जतन करून ठेवावे. रागाच्या भरात पुसून टाकू नये. पुढे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे लागले, तर हीच सामग्री उपयोगी पडेल. संगणक किंवा मोबाइलच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी रक्कम मोठी असावी लागत नाही.

माझ्या मते त्या २,५०० रुपयांपेक्षा आपल्या आधार आणि पॅनच्या प्रती गेल्या, ही बाब अधिक गंभीर आहे. अशा प्रती पुढच्या गिऱ्हाइकाला ‘विक्रेत्याची ओळख’ म्हणून दाखवण्यासाठी वापरल्या जातात. आपल्याला जे आधार कार्ड आले आहे तेही बहुधा आपल्यासारख्याच आधी फसलेल्या कोणाचे तरी असावे. म्हणून त्यावरच्या पत्त्यावर जाऊन जाब विचारण्याच्या फंदात पडू नये. आपल्या तक्रारीत ‘माझ्या आधार व पॅनच्या प्रती या माणसाकडे आहेत’ हे वाक्य स्पष्टपणे लिहावे, म्हणजे उद्या त्यांचा गैरवापर झाला तर आपली तक्रार त्याआधीच्या तारखेची असेल. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे आणि काही महिने आपला क्रेडिट अहवाल पाहत राहावे, म्हणजे आपल्या नावावर भलतेच कर्ज निघाले असल्यास वेळीच कळेल. पुढे कधीही ओळखपत्राची प्रत द्यावी लागली, तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी आणि तिच्यावर कोणत्या कामासाठी, कोणाला आणि कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहावे. आणखी एक सूचना : येत्या काही आठवड्यांत ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला, तर तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भावंडांचा आहे असे समजावे. परतावा देतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला, तर तो स्कॅन करू नये. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही; पिन मागितला जातो तो आपल्या खात्यातून पैसे जाताना.

आता त्या ‘दुसऱ्या संधी’कडे येऊ. लिलाव संपल्यावर हरलेल्या बोलीदाराला गाठून, पहिल्या माणसाने माघार घेतल्याचे सांगण्याची युक्ती ऑनलाइन लिलावांइतकीच जुनी आहे. तिच्यामागचा विचार धूर्त आहे : आपल्याला गाडी हवी आहे आणि आपण किती रुपये द्यायला तयार आहात, हे दोन्ही आपल्या बोलीनेच उघड झालेले असते. अनेकदा संदेश पाठवणाऱ्याचा मूळ लिलावाशी काही संबंधही नसतो. बोलीदाराचे नाव आणि गाडीचे फोटो उचलून तो परस्पर संपर्क साधतो. काही लिलाव संकेतस्थळांवर हरलेल्या बोलीदाराला गाडी देऊ करण्याची अधिकृत सोय असते. परंतु तो प्रस्ताव आपल्या तेथील खात्यात दिसतो आणि व्यवहारही तेथेच पूर्ण होतो. ‘इथे बोलणे सोयीचे नाही, व्हॉट्सॲपवर या’ असे म्हटल्याबरोबर त्या संकेतस्थळाचे जे काही संरक्षण असेल ते संपते. ईबे या लिलाव संकेतस्थळाच्या वाहनखरेदी संरक्षणाचा हवाला देऊन परदेशात असंख्य लोकांना फसवले गेले आहे; ते संरक्षण त्याच संकेतस्थळावर पूर्ण झालेल्या व्यवहारालाच लागू होते, बाहेर ठरलेल्या सौद्याला नाही.

सैनिकाची कहाणी आपल्याकडे इतकी प्रचलित आहे, की ती केवळ भारतातली असावी असे वाटते, तसे नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या एका मोठ्या खटल्यात, रोमानियातील अलेक्झांड्रिया या गावाशी जोडलेल्या टोळीवर असा आरोप होता, की तिने अस्तित्वातच नसलेल्या वस्तूंच्या, मुख्यतः वाहनांच्या, जाहिराती लिलाव आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर दिल्या. तेथेही काही विक्रेते मोहिमेवर निघण्यापूर्वी गाडी विकायची असलेले सैनिक म्हणून सादर केले गेले होते. देश बदलला तरी पात्र तेच राहते, कारण त्या एका पात्रातून सगळ्या गैरसोयीच्या प्रश्नांची उत्तरे मिळतात. विक्रेता समोर का येत नाही, किंमत इतकी कमी का, घाई कशाची, आणि गाडी दुसऱ्याच्या ताब्यात का, या चारही प्रश्नांना ‘बदली’ हे एकच उत्तर पुरते. शिवाय सैनिकावर संशय घेणे आपल्याला अप्रशस्त वाटते, हेही त्याला ठाऊक असते. खऱ्या जवानाची बदली झाली, तर त्याची पत्नी, भाऊ, शेजारी किंवा गॅरेजवाला गाडी दाखवतो. कॅन्टीन कार्डाने तर काहीच सिद्ध होत नाही. ते खरे असले, तरी त्यावरून फियाट कोणाची हे कळत नाही.

जाहिरातीतील मजकूर आणि फोटो यांच्याबाबत आपण घरबसल्या बरेच तपासू शकता. मजकुरातले एखादे लांब वाक्य जसेच्या तसे शोधयंत्रात टाकून पाहावे, आणि प्रत्येक फोटो गूगल लेन्सवर चढवावा. उसना मजकूर बोलीवरूनही ओळखू येतो. आपल्याकडे गाडी विकणारा ‘पेपर क्लिअर’, ‘ठाणे पासिंग’, ‘इन्शुरन्स चालू’, ‘इंजिनचे काम केलेले’ असे लिहितो. आपल्या जाहिरातीत ‘क्लीन टायटल’ आणि ‘हिवाळ्यात गरम गॅरेजमध्ये ठेवलेली’ असे लिहिले आहे. ठाण्याच्या हिवाळ्यात गाडीला ऊब देणारा मालक मला तरी अद्याप भेटलेला नाही. हा मजकूर अमेरिकेतल्या कुठल्यातरी जाहिरातीवरून उचललेला आहे, हे उघड आहे.

फोटोंतील विसंगती त्याहून बोलकी आहे. तिसऱ्या फोटोत गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खाली आहे, जसा तो त्या काळच्या फियाटमध्ये असायला हवा; सातव्या फोटोत मात्र तो दोन सीटांच्या मध्ये, खाली जमिनीवर आहे. म्हणजे एका जाहिरातीत निदान दोन गाड्या आहेत. असे तपशील पाहण्याची सवय लावून घ्यावी : सीटच्या कापडाचा रंग, काचा खाली करण्याचे हँडल, जाळीच्या पट्ट्या, डॅशबोर्डवरची एखादी चीर, आरशाची जागा. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले फोटोही येऊ लागले आहेत, आणि त्यांत अनेकदा एका फोटोतली जाळी दुसऱ्या फोटोतल्या जाळीशी जुळत नाही. नंबर प्लेट झाकलेली असणे हा स्वतःहून पुरावा नव्हे, कारण प्रामाणिक विक्रेतेही जाहिरातीत ती झाकतात. मात्र खासगीत विचारल्यावरही क्रमांक सांगायला टाळाटाळ होत असेल, तर पुढे जाऊ नये.

आता ‘१९६७ प्रीमियर पद्मिनी’ या शब्दांविषयी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६७ मध्ये जी गाडी बनत होती तिचे नाव फियाट ११०० होते. फियाटशी असलेला करार संपल्यावर ती काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट या नावाने विकली गेली आणि पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आले. बोलताना आपण या सगळ्यांनाच सरसकट फियाट किंवा पद्मिनी म्हणतो, पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल गाडीला तर डुक्कर फियाट म्हणतो, त्यामुळे जाहिरातीत नाव चुकले म्हणून विक्रेत्याला लबाड ठरवता येणार नाही. परंतु आपल्याला आलेल्या आरसीच्या फोटोतही नोंदणी १९६७ ची आणि मॉडेल ‘प्रीमियर पद्मिनी’ असे छापलेले आहे. बोलण्यातली चूक समजू शकते, नोंदणीच्या कागदावर ती खपवून घेता येत नाही.

त्याच आरसीवर चेसिस क्रमांक, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, १७ अक्षरांचा आहे, आणि माझ्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपते. सतरा अक्षरांच्या क्रमांकाची पद्धत अमेरिकेत १९८१ च्या गाड्यांपासून सक्तीची झाली आणि मग जगभर रुळली. १९६७ च्या कुर्ल्याच्या फियाटवर असा क्रमांक असण्याचे कारणच नाही, तिचे क्रमांक आखूड असतात. शिवाय या पद्धतीत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. आपल्या कागदावरच्या क्रमांकात ओ आहे. कुणीतरी आधुनिक गाडीच्या आरसीचा नमुना घेऊन त्यात मनाला येतील ती अक्षरे भरली आहेत.

नंबर प्लेटचेही तसेच. ‘एमएच ०४’ अशा धर्तीचे क्रमांक मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यानंतर आले. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरे आणि पुढे अंक असे क्रमांक मिळत, आणि राज्यातच राहिलेल्या गाड्यांवर ते आजही दिसतात. १९६७ ची गाडी एमएच ०४ क्रमांकाची असू शकते, उदाहरणार्थ ती नंतर परराज्यातून येऊन ठाण्यात नोंदली गेली असेल तर. पण मग ‘एकच मालक, पहिल्यापासून ठाण्यात’ हे खरे असणे कठीण. अशा वेळी आधीचा क्रमांक कोणता होता आणि तो का बदलला, हे विचारावे; खऱ्या मालकाला ते तोंडपाठ असते.

क्रमांक हाती आला की परिवहन विभागाच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर तो टाकून पाहावा. गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, नोंदणी कार्यालय, विम्याची आणि पासिंगची मुदत, कर्जाचा बोजा आणि मालकाच्या नावाची काही अक्षरे तेथे दिसतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. जुन्या गाड्यांच्या नोंदी हस्तलिखित रजिस्टरांत होत्या आणि सगळ्याच संगणकावर चढलेल्या नाहीत. म्हणून पोर्टलवर गाडी सापडली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, आणि सापडली एवढ्यावरून विक्रेता खरा ठरत नाही, कारण रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीचा क्रमांक कोणीही टिपून घेऊ शकतो. नोंद सापडत नसल्यास विक्रेत्याने आधी आरटीओत जाऊन ती चढवून घ्यावी आणि त्यानंतरच सौदा व्हावा.

घरबसल्या करता येण्यासारखी माझ्या मते सर्वांत उपयोगी मागणी म्हणजे चेसिस प्रिंट. आरटीओच्या कामासाठी एजंट तो नेहमी घेतात. गाडीच्या धातूत ठोकलेल्या क्रमांकावर शिसपेन्सिल घासायची, वर सेलोटेप दाबून चिकटवायची, अलगद सोलून घ्यायची आणि ती पट्टी कागदावर लावायची. अंकांचे ठसे पांढरे आणि भोवतालची जागा काळी दिसते. पाच मिनिटांचे काम आहे. विक्रेत्याला सांगावे, की माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर असा ठसा घ्या, त्या कागदावर आजची तारीख आणि माझे आडनाव लिहा, आणि कॉल न तोडता बोनेटवरून मागे डिकीपर्यंत या. आधी चित्रित केलेला व्हिडिओ चालणार नाही, म्हणून मध्येच एखादी अनपेक्षित विनंती करावी, जसे डावा वायपर उचलायला किंवा मागचा दरवाजा दोनदा उघडायला सांगावे. ज्याच्याकडे गाडी आहे तो फार तर कुरकुर करील. ज्याच्याकडे नाही त्याचे नेटवर्क हमखास जाईल. ठसा मिळाल्यावर अंकांमधले अंतर आणि त्यांची खोली पाहावी. एखादाच अंक वेगळ्या वळणाचा असेल, किंवा अंकांखालचा पत्रा घासल्याच्या रेघा उमटल्या असतील, तर क्रमांकाशी खेळ झाला आहे असे समजून प्रत्यक्ष तपासणीशिवाय हलू नये.

आपल्या विक्रेत्याने लिहिले आहे, की गाडी लिलावातली असल्यामुळे फॉर्म ३२ वर ती थेट आपल्या नावावर होईल आणि आधीच्या मालकाच्या सहीची गरज नाही. हे वाक्य अभ्यास करून लिहिलेले आहे, कारण फॉर्म ३२ खरोखरच अस्तित्वात आहे. परंतु तो केंद्र किंवा राज्य सरकारने, अथवा त्यांच्या वतीने केलेल्या जाहीर लिलावात घेतलेल्या वाहनासाठी आहे, आणि त्यासोबत लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याने सही केलेला विक्रीचा दाखला आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. खासगी संकेतस्थळावरच्या लिलावाला तो लागू नाही. तेथे नेहमीचे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे आपण ज्यांना टीटी (मालकी हस्तांतराचे) फॉर्म म्हणतो ते, आणि त्यांवर आरसीतल्या मालकाची सही लागते. ‘कस्टमने किंवा पोलिसांनी जप्त केलेली गाडी’ म्हणून जाहिरात आली, तरी हाच निकष लावावा. सरकारी मालाचे अनेक ई-लिलाव एमएसटीसी लिमिटेड या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत होतात. तेथे रीतसर नोंदणी करावी लागते आणि बयाणा कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर भरायचा नसतो.

‘विंटेज गाडीला कागद लागत नाहीत’ हे त्याचे विधानही खोटे आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि मुदत १० वर्षांची आहे. भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी जुने नोंदणी प्रमाणपत्र अर्जासोबत द्यावेच लागते. अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच ती चालवता येते. वडिलांना सकाळी तलावपाळीवर फेरी मारायची असेल, तर हे आधीच ध्यानात घ्यावे.

पैशाच्या बाबतीत ‘सुरक्षित ठेव’ कंपनी हा सगळ्यात फसवा भाग आहे, कारण कल्पना मुळात चांगली आहे : तिसऱ्याने पैसे सांभाळायचे आणि गाडी पसंत पडल्यावर विक्रेत्याला द्यायचे. पण ती कंपनी विक्रेत्याने सुचवलेली असेल, तर तिसरा माणूस मुळात नसतोच. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे दिसणारे कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते, की मधल्या वाटेत कोणी ऐकत नाही; पलीकडे कोण बसले आहे ते त्यावरून कळत नाही. पत्त्याची नोंदणी केव्हा झाली हे पाहता येते, आणि ‘वीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता दोन महिन्यांचा निघतो. आपल्याला दिलेले खाते तर एका व्यक्तीचे बचत खाते आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. ती दरवेळी वापरावी. आरसीवरचे नाव, ओळखपत्रावरचे नाव आणि खात्यावरचे नाव ही तिन्ही एकच नसतील, तर पैसे सोडू नयेत.

एवढे सांगून झाल्यावर, गाडी खरोखर समोर उभी असतानाही होणाऱ्या फसवणुकीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण पुढच्या वेळी आपली गाठ तिच्याशी पडण्याची शक्यता जास्त आहे. जुन्या गाड्या ‘ओपन टीटी’वर फिरतात, म्हणजे मूळ मालकाने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिलेल्या असतात आणि गाडी तीन-चार हातांतून गेली तरी आरसीवर त्याचेच नाव असते. तो मालक हयात नसेल, तर त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही. आधी वारसांनी फॉर्म ३१ वर गाडी आपल्या नावावर करून घ्यावी लागते आणि मगच ती विकता येते. दुसरा प्रकार टॅक्सीचा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि त्याआधीच्या वर्षांत हजारो टॅक्सी भंगारात गेल्या. त्यांतले सांगाडे रंगरंगोटी करून खासगी गाडीच्या कागदांवर विकले जाऊ शकतात, म्हणून चेसिस क्रमांक कागदाशी स्वतः जुळवल्याशिवाय ‘मूळ खासगी’ या शब्दांवर विसंबू नये. दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी दाखवली, तर तेथे १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत हे लक्षात ठेवून एनओसी (तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र) आधी हातात घ्यावी, नंतर किमतीचे बोलावे.

ऑनलाइन लिलाव सगळेच खोटे असतात, असे नाही. मुंबईतील ॲस्टागुरू या लिलावगृहाने जुन्या मोटारींचे ऑनलाइन लिलाव घेतलेले आहेत. लिलाव कोणाचाही असो, बोलीपूर्वी गाडी पाहण्याची सोय आहे की नाही हे आधी विचारावे, आणि नसेल तर बोलीच लावू नये. खऱ्या गाडीच्या लिलावातही विक्रेत्याचीच माणसे बोली चढवत असतात. तीच दोन-तीन खाती त्याच विक्रेत्याच्या प्रत्येक लिलावात दिसत असतील आणि कधीच जिंकत नसतील, तर सावध व्हावे. विक्रेत्याच्या खात्याचा इतिहासही पाहावा. वर्षानुवर्षे मोबाइलची कव्हरे विकणारे खाते अचानक एका आठवड्यात चार जुन्या गाड्या विकायला काढते, तेव्हा ते खाते बहुधा चोरलेले असते. फियाट हवीच असेल, तर विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या मुंबईतील संस्थेच्या सदस्यांकडे आणि ठाणे, कल्याण, पनवेल येथील जुन्या गॅरेजवाल्यांकडे चौकशी करणे मी अधिक पसंत करीन. तेथे किंमत जास्त सांगतील, पण गाडीला हात लावता येईल.

प्रत्यक्ष पाहायला जाताना फियाटचे काम जाणणारा मेकॅनिक सोबत न्यावा, दिवसाउजेडी जावे, आणि रंगाला भुलण्याआधी पायाखालचे मॅट उचलून पत्रा तपासावा. खाडीकाठच्या दमट हवेत गंज प्रथम तेथेच धरतो. आरसीवरचा मालक किंवा त्याचा वारस समोर बसलेला असावा, मूळ आरसी, विमा आणि सही केलेले फॉर्म २९ व ३० टेबलावर असावेत, आणि रक्कम त्याच वेळी त्याच्याच खात्यात जावी. २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. त्यानंतर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि आपण ३० दिवसांत हस्तांतराची नोंद आरटीओकडे करायची असते. ते काम एजंटाच्या भरवशावर सोडू नये, अर्जाची पावती स्वतःच्या ताब्यात ठेवावी.